टर्बोला गॅस लावताय? सीसी नका सांगू, हॉर्सपॉवर सांगा

मागच्या अंकात कुणाला तरी उत्तर देताना मी जाता जाता एक ओळ लिहून गेलो होतो की टर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या, गाडीलापण एलपीजी चालतो, नीट बसवला तर. त्या एका ओळीनं घात केला. अर्ध्या लोकांनी विचारलं नीट म्हणजे कसा, उरलेल्यांनी विचारलं डोकं ठिकाणावर आहे का. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय, टायर आणि बॅटरीवाल्यांनी एक महिना थांबावं.

प्रश्न: काका, माझ्याकडे २००६ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो. पंधरा वर्षांनंतरचं रिपासिंग करून घेतलंय, गाडी विकायची नाही म्हणजे नाही. रिमॅप केलेली आहे, म्हणजे इंजिनच्या ईसीयूचं (कॉम्प्युटरचं) सेटिंग बदलून पॉवर वाढवलीय, १८० हॉर्सपॉवरच्या आसपास असेल. सिटीत लिटरला १० देते. आमच्या इथला गॅसवाला म्हणतो १८०० सीसीचं सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) किट टाकतो, सकाळी गाडी द्या संध्याकाळी घेऊन जा. मित्र म्हणतात टर्बोला गॅस म्हणजे इंजिनचं श्राद्ध. महिन्याला ५०० किमी फिरते. कुणाचं ऐकू? — एक वाचक, चिंचवड

उत्तर: दोघांचंही नको. मित्रांचं आधी घेऊ. टर्बो इंजिनचा खरा शत्रू नॉकिंग, म्हणजे स्पार्कची आग पोचायच्या आधीच भलत्याच ठिकाणी मिश्रण आपोआप पेटतं आणि आतून कोणी छोट्या हातोडीनं ठोकल्यासारखा टिकटिक आवाज येतो तो. पेट्रोलचा ऑक्टेन जितका जास्त तितकं हे कमी. आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल कित्येक वर्षं ९१ ऑक्टेनचंच होतं, आणि एलपीजीचा ऑक्टेन शंभराच्या पुढे जातो. म्हणजे बूस्ट, टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब, सोसायला गॅस उलट चांगला. २०१० साली ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये फोर्ड फोकस एलपीजीवर पळवल्या होत्या आणि त्यांनी रेस जिंकल्या होत्या, तेव्हा गॅस म्हणजे रिक्षाचं इंधन हे डोक्यातून काढा. इंजिन गॅसनं मरत नाही, गॅस कमी पडल्यानं मरतं.

आता तुमचा गॅसवाला. त्याचा पहिला प्रश्न काय होता, तर किती सीसी? तिथंच गडबड आहे. साधी १८०० सीसीची गाडी ११५-१२५ हॉर्सपॉवरची असते, त्याचं किट त्या हिशेबानं ठरलेलं असतं. तुमची कंपनीतून १५० ची आली आणि आता १८० ची आहे. सीसी तेच, पण फुल बूस्टला तुमचं इंजिन दीडपट हवा गिळतं आणि दीडपट गॅस मागतं. त्यानं प्रश्न विचारायला हवा होता की किती हॉर्सपॉवर, आणि बूस्ट किती.

दीडपट म्हणजे किती ते बघा, मी वहीच्या मागच्या पानावर मांडलंय. १८० हॉर्सपॉवर पूर्ण काढायची तर तासाला साधारण ३८ किलो गॅस लागतो. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर या वेगानं वीस-पंचवीस मिनिटांत रिकामा. अर्थात तासभर कोणी पाय दाबून धरत नाही, पण घाटात तिसऱ्या गिअरला दहा सेकंद दाबला तर त्या दहा सेकंदांत गॅस याच वेगानं पोचला पाहिजे. आणि तो टाकीत असतो लिक्विड. त्याची वाफ करायचं काम रिड्यूसरचं, आणि वाफ करायला उष्णता लागते, ती तो रेडिएटरच्या गरम पाण्यातून घेतो. किती? साडेतीन किलोवॅटच्या आसपास. बाथरूममधला इन्स्टंट गिझर तीन किलोवॅटचा असतो, तर समजा त्याच्यापेक्षा मोठा गिझर बोनेटखाली चालू आहे, फक्त उलटा. तेवढी उष्णता मिळाली नाही की रिड्यूसर बर्फासारखा गार पडतो, बाहेरून पांढरं दव धरतं, आतून थंड आणि ओला गॅस पुढे जातो, आणि प्रेशर कोसळतं.

याचीच एक गोष्ट सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक असलीच टर्बो सेडान आली, किट दुसरीकडे बसवलेलं, गॅरेजचं नाव नको. तक्रार अशी की ऑइल पितेय आणि आयडलला इंजिनचा एक सिलिंडर मारत नाही. मी मालकाला विचारलं आधी काही त्रास होता का. तर म्हणाला, हो, आधी घाट चढताना बीप वाजून आपोआप पेट्रोलवर जायची, पण ते मी दुरुस्त करून घेतलं.

मी लॅपटॉप लावला आणि ती दुरुस्ती बघितली. गॅसच्या ईसीयूत एक सेटिंग असतं, प्रेशर अमुकच्या खाली गेलं की गॅस बंद कर, पेट्रोल चालू कर, बीप दे. बरोबर होतं ते, रिड्यूसर कमी पडत होता म्हणून गाडी स्वतःला वाचवत होती. त्या पठ्ठ्यानं रिड्यूसर मोठा टाकायच्या ऐवजी ती मर्यादाच खाली आणून ठेवली. बीप गेला. गाडी घाटात गॅसवरच राहायला लागली, कमी प्रेशरवर, म्हणजे फुल बूस्टला हवा भरपूर आणि इंधन तोकडं, लीन. हेड काढलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा तुकडा गायब, पोळीचा घास तोडावा तसा, आणि पिस्टनची रिंगच्या मधली कड तुटलेली. मालक तरी शेवटपर्यंत म्हणत होता गॅसनं इंजिन खाल्लं. मी त्याला तो व्हॉल्व्ह कागदात गुंडाळून दिला.

तर तुम्हाला करायचंच असेल तर रिड्यूसर १८० चा नको, त्याच्यावर चांगला मार्जिन ठेवून २५० च्या आसपास रेटिंग असलेला घ्या, किंवा दोन रिड्यूसर जोडा. त्याच्या गरम पाण्याची लाइन जाड ठेवायची आणि सिस्टिममध्ये एअर राहू द्यायची नाही. टाकीपासून पुढे येणारा पाइप ८ मिमीचा घ्या, ६ चा नको, आणि टाकीवरचा व्हॉल्व्हपण तेवढा फ्लो देणारा पाहिजे, नाहीतर पुढे कितीही मोठं सामान लावा, नळच बारीक.

मग रिड्यूसरवरची ती बारीक रबरी नळी, जी मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांना, जाते. ही नळी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते आणि लोक ती नुसती खोचून ठेवतात. रिड्यूसरचं काम असं की मॅनिफोल्डमध्ये जे काही प्रेशर आहे त्याच्यापेक्षा साधारण एक बार जास्त गॅस ठेवायचा. बूस्ट ०.७ बार आला तर आत एकूण १.७ झाले, मग गॅस २.७ ला पाहिजे. नळी सुटली तर रिड्यूसरला बूस्ट आल्याचं कळतच नाही, तो आपला २ वर बसून राहतो, आणि फरक उरतो फक्त ०.३. आयडलला, सिग्नलला काही कळत नाही. दोन्ही टोकांना क्लिप लावा, पाच-दहा रुपयांचं काम आहे.

इंजेक्टरचं गणितपण सीसीवर होत नाही. ६००० आरपीएमला एका सिलिंडरच्या एका सायकलला २० मिलिसेकंद मिळतात, बस. पेट्रोलचा इंजेक्टर तेव्हा समजा १४ उघडा असेल तर गॅसचा त्याच्यापेक्षा जास्त वेळ उघडा राहायला लागतो, कारण वाफ जागा जास्त खाते. गॅसचा आकडा विशीला टेकला की इंजेक्टर बंदच होत नाही, मग ईसीयूनं कितीही मागितलं तरी जास्त येणार कुठून. म्हणून गॅसच्या इंजेक्टरचं नोझल प्रत्येक सिलिंडरच्या हॉर्सपॉवरवर काढतात, तुमच्याकडे सिलिंडरला ४५. ट्यूनिंग झाल्यावर सायलेन्सरमध्ये वाइडबँड सेन्सर, हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा, लावून फुल बूस्टचं रीडिंग घ्यायचं, आधी पेट्रोलवर, मग गॅसवर, दोन्ही जुळले पाहिजेत. गाडीचा स्वतःचा साधा ऑक्सिजन सेन्सर बूस्टमध्ये विश्वासाचा नसतो. गॅसवाल्याकडे वाइडबँड नसेल आणि तो म्हणाला कानानं करतो, तर चहा पिऊन परत या.

प्लग हीट रेंजमध्ये एक पायरी थंड घ्या आणि गॅप जरा कमी, ०.७ मिमीच्या आसपास, कारण दाबाखालचा गॅस पेटवायला स्पार्कला जोर लागतो. कॉइल जुन्या असतील तर आधी त्या बदला, पेट्रोलवर जी कॉइल चालढकल करत होती ती गॅसवर पहिल्या दिवशी उघडी पडते. आणि कुणी स्वस्तातलं जुनं मिक्सरवालं किट, म्हणजे हवेच्या पाइपातच गॅस सोडणारं, टर्बोला लावायला निघाला तर हात जोडा. त्यात टर्बो, इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा), पाइप सगळे पेटायच्या तयारीतल्या मिश्रणानं भरलेले असतात, एक बॅकफायर झाला की इंटरकूलरचा पाइप उडून बोनेटवर आपटतो. मी ऐकलाय तो आवाज, दिवाळीत सुतळी बॉम्ब लावणाऱ्यांनापण आवडला नसता.

हे सगळं झेपत नसेल तर मधला रस्ता आहे. ईसीयूत सांगून ठेवायचं की अमुक लोडच्या वर गेलं की पेट्रोलवर जा. सिटीत गॅस, पाय दाबला की पेट्रोल. शुद्ध गॅसवाले याला नावं ठेवतात, पण माझ्या मते आपल्याकडे जे सामान आणि जे हात मिळतात त्यांत हाच शहाणपणा.

आता पैसे. समजा पेट्रोल १०५, गॅस ६५. पेट्रोलवर १० देते म्हणजे किलोमीटरला साडेदहा रुपये. एलपीजीत लिटरमागे ऊर्जा कमी असते, ॲव्हरेज वीस-पंचवीस टक्के पडतं, धरा ८, म्हणजे सव्वाआठच्या जरा खाली. वाचले किलोमीटरला दोन रुपये चाळीस पैसे. वर सांगितलं तसं धड किट समजा ७५ हजार, तर ते वसूल व्हायला ३१ हजार किमी. तुमचं वर्षाला ६ हजार. पाच वर्षं, त्यातपण सकाळचं स्टार्टिंग पेट्रोलवरच असतं ते मी धरलेलं नाही. तुमच्या पंपाचे भाव घालून परत करा, पण उत्तर फार हलणार नाही. होतं का, तर होतं. तुम्हाला परवडतं का, तर नाही. रोज ऐंशी किमी असता तर मी वेगळं बोललो असतो.

कागदांचं विसरू नका. किटला टाइप ॲप्रूव्हल, म्हणजे टेस्ट पास झाल्याची मंजुरी, पाहिजे, तुमच्या गाडीला लागू होणारं, आणि आरसीवर एलपीजीची नोंद पाहिजे. टेस्टिंग करणारी एआरएआय आपल्या पुण्यातच कोथरूडला टेकडीवर आहे, पण तिथे तुमची एकटी गाडी घेऊन जायचं नसतं, किट बनवणारा ते करून घेतो. परदेशातून कुरिअरनं भारी किट मागवून लावाल तर गाडी पळेल, आरसीवर चढणार नाही. आणि आरसीवर नाही म्हणजे इन्शुरन्सवाला क्लेमला पहिलं तेच बोट दाखवणार. पॉलिसीत किट घालायचे पैसे किरकोळ असतात, किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये असा जुना हिशेब, ते वाचवू नका.

प्रश्न: आमच्या मिस्टरांनी टर्बो गाडीला गॅस करायचं घेतलंय डोक्यात. माझा प्रश्न गाडीच्या पळण्याचा नाही. टाकी डिकीत, मागच्या सीटवर दोन मुलं. स्फोट झाला तर? आणि आमची गाडी बिल्डिंगच्या तळघरात लागते. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ताई, प्रश्न बरोबर आहे आणि तो मिस्टरांनी विचारायला हवा होता. एलपीजीची गाडीची टाकी म्हणजे जाड पोलादाची, आतलं प्रेशर साध्या हवामानात आठ-दहा बारच्या आत. सीएनजीची २०० बारची असते, तिच्यामानानं हे काहीच नाही. पेट्रोलच्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या टाकीपेक्षा मागून धडक सोसायला ती भक्कम.

धोका आगीत असतो. फ्रान्समध्ये ल्योंजवळच्या व्हेनिस्यूमध्ये १९९९ च्या जानेवारीत कुणीतरी पेटवून दिलेली एलपीजीची गाडी फुटली आणि विझवायला आलेले जवान जबर जखमी झाले. त्या टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह नव्हता. आता चांगल्या टाकीला असतो, प्रेशर २७ बारला गेलं की तो गॅस सोडून देतो, टाकी फुटू देत नाही. शिवाय टाकी ८० टक्क्यांवर भरायची थांबते, वर जागा मोकळी राहते, उन्हात गॅस फुगला तरी. पंपावरच्या पोऱ्याला अजून थोडा मार म्हणून सांगणारे लोक मी बघितलेत, तो ऐंशीचा फ्लोट बिघडलेला असेल तरच अजून जातो, आणि जात असेल तर टाकी दाखवायला न्या.

तळघराचं मात्र मनावर घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो, खड्ड्यात, गटारात. डिकीतल्या टाकीवरचे व्हॉल्व्ह एका बंद डब्यात असले पाहिजेत आणि त्या डब्याची नळी गाडीच्या खाली बाहेर निघालेली पाहिजे. फिटिंग झालं की तुम्ही स्वतः गाडीखाली वाकून ती नळी बघा, मिस्टरांवर सोडू नका. वास आला की बटण दाबायचं नाही, लाइट लावायचा नाही, दारं उघडून बाहेर. आणि सहा महिन्यांनी सगळ्या जॉइंटना साबणाचं पाणी, सिलिंडरला घरी लावता तसंच. सोसायटीची परवानगी आधी विचारा, सगळ्याच सोसायट्या घेत नाहीत.

प्रश्न: पोलो जीटी टीएसआय आहे, १.२ टर्बो. हिला होईल का? कॉलेज संपलंय, नोकरी लागायचीय, पेट्रोल परवडत नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर: नको रे मित्रा. तुझं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं आहे, पेट्रोलचा इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत, आगीच्या तोंडाशी बसलेला. त्याला थंड ठेवतं त्यातून वाहणारं पेट्रोलच. गॅसवर घेऊन पेट्रोल पूर्ण बंद केलंस तर इंजेक्टरचं टोक भाजून निघतं. म्हणून अशा गाड्यांना गॅसबरोबर थोडं पेट्रोल मारत राहायला लागतं, मग वाचलं काय, किंवा युरोपात आहेत तशा सिस्टिम, ज्या गाडीच्या स्वतःच्याच हाय प्रेशर पंपातून आणि इंजेक्टरमधून लिक्विड गॅस पाठवतात. त्या महाग, आणि इथे आरसीवर चढवून देणारा मला माहीत नाही. नोकरी लागेपर्यंत हलक्या पायानं चालव, फरक पडतो.

प्रश्न: २००८ साली शिकायला मेलबर्नला आलो तेव्हा रात्री टॅक्सी चालवायचो, गॅसची फाल्कन. आळशी गाडी, पण मरायची नाही. आता हौस म्हणून फाल्कन एक्सआर६ टर्बो घेतलीय, एफजी मॉडेल. तिला फक्त गॅसवर करावी असं डोक्यात आहे. टॅक्सीसारखी आळशी होईल का? — एक वाचक, मेलबर्न

उत्तर: तुमच्या टॅक्सीच्या आळसाचं कारण गॅस नव्हता, गॅस द्यायची पद्धत होती. तुमच्या फाल्कनच्या कंपनीनं, फोर्डनंच, याचा पुरावा देऊन ठेवलाय. एफजी फाल्कनचं तेच चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, टर्बो नसलेलं, पेट्रोलवर १९५ किलोवॅट. मिक्सरवाल्या ई-गॅसला १५६. आणि २०११ ला इकोएलपीआय आली, गॅस लिक्विडच ठेवून मॅनिफोल्डमध्ये इंजेक्ट करणारी, तिला १९८ किलोवॅट आणि टॉर्क पेट्रोलच्या ३९१ च्या जागी ४०९. इंजिन मुळात तेच, गॅस तोच. वाफ करून दिला की हवेची जागा खातो, लिक्विड दिला की मॅनिफोल्डमध्येच त्याची वाफ होते आणि हवा गार करते, गार हवा जास्त मावते. मला विचाराल तर गॅसबद्दलचा सगळा वाद या तीन आकड्यांत मिटतो.

तुमच्या टर्बोची २७० किलोवॅट आहेत, म्हणजे ३६० हॉर्सपॉवरच्या वर, वर चिंचवडला सांगितलेलं सगळं दुपटीनं. पण तुमच्याकडे या इंजिनवर गॅसचं काम केलेले लायसन्सवाले लोक आहेत, आपल्याकडे ती सोय नाही. फक्त गॅसवर केलं की ट्यूनिंग पूर्ण गॅससाठी करता येतं, टायमिंग पुढे घेता येतं, दोन इंधनांची तडजोड नाही. नियमानुसार फिटिंग झाल्याची कंप्लायन्सची प्लेट आणि नंबरप्लेटवरची ती लाल एलपीजीची खूण, टॅक्सीवर रोज बघितलीय, ती हवीच. जुनी टाकी घेतलीत तर तिची दहा वर्षांची टेस्ट कधीची आहे ते बघून घ्या.

एकच अडचण. फोर्डचा कारखाना २०१६ ला बंद झाला, होल्डनचा पुढच्या वर्षी, टॅक्स्या हायब्रीड झाल्या, आणि गॅसचे पंप कमी होत चाललेत. पेट्रोल काढून टाकलंत तर लांबच्या प्रवासाला पंप शोधत फिरायला लागेल. मी असतो तर पेट्रोल ठेवलं असतं. पण मी रात्रीची टॅक्सी चालवलेली नाही, तुमची हौस तुम्हाला माहीत.

प्रश्न: पोलंडमध्ये व्रोत्सवाफला नोकरीला आहे. इथे प्रत्येक दुसऱ्या गल्लीत गॅसवाला. सुबारू फॉरेस्टर टर्बो घेतोय, आधीच एलपीजी बसवलेली. दोन प्रश्न: उणे दहाला चालू होईल का, आणि व्हॉल्व्ह जळतात म्हणतात ते खरं का? — एक वाचक, व्रोत्सवाफ

उत्तर: योग्य देशात आहात, तिथे एलपीजीच्या गाड्या तीस लाखांच्या वर आहेत. थंडीचं म्हणाल तर चालू होईल पेट्रोलवरच, पाणी गरम झालं की गॅसवर जाईल, उणे दहाला त्याला जरा वेळ लागतो इतकंच. ब्युटेन शून्याच्या आसपासच वाफ व्हायचं थांबतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत वाफ होतो, म्हणून थंड देशांत हिवाळ्याच्या गॅसमध्ये प्रोपेन वाढवतात. पण ऑफिस घरापासून दोन किमीवर असेल तर सगळा हिवाळा तुम्ही पेट्रोलच जाळणार हे लक्षात घ्या.

व्हॉल्व्हचं अर्धं खरं. गॅस कोरडा जळतो, पेट्रोलचा जो पातळ ओलावा सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडीवर, पडायचा तो नाही, त्यामुळे मऊ सीट असलेल्या इंजिनांत व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो. रुतला की टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट, कमी होतो, गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि न बसलेला व्हॉल्व्ह जळतो. हायड्रॉलिक टॅपेटवाली गाडी हे बराच काळ सांभाळून घेते, सुबारूत गॅप मोजून सेट करायला लागतो. म्हणून विकणाऱ्याला विचारा, टॅपेट शेवटचे कधी मोजले, आणि कागद मागा. तो म्हणाला कधी गरजच पडली नाही, तर मोजायचा खर्च किमतीतून कापा, आणि त्या इंजिनमध्ये तो खर्च बारीक नसतो, व्हॉल्व्ह कव्हर दोन्ही बाजूंच्या सांदीत आहेत असं समजून चाला.

बोनेटखाली लाल-निळ्या द्रवाची बाटली आणि तिची नळी मॅनिफोल्डला दिसली तर खूश होऊ नका. ते व्हॉल्व्हला तेल पाजायचं औषध. पण ती साधी ठिबकणारी बाटली मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालते. आयडलला व्हॅक्यूम असतो तेव्हा ठिबकते, जेव्हा गरज नसते. बूस्ट आला की व्हॅक्यूम संपला, ठिबकणं बंद, नेमकं जेव्हा व्हॉल्व्ह तापतात तेव्हा. टर्बोला इलेक्ट्रॉनिक पंपवालं लागतं, नाहीतर शोभेची बाटली.

प्रश्न: आमच्या तालुक्याला एक जण घरगुती सिलिंडरवर गाडी चालवून देतो. टर्बोला चालेल का? — एक वाचक, जिल्हा सोलापूर

उत्तर: टर्बोला काय, कुणालाच नाही. गुन्हा आहे, केंद्र सरकारच्या २००१ च्या ऑर्डरपासून गाडीत फक्त ऑटो एलपीजी आणि मंजूर टाकीच चालते. स्वयंपाकाचा सिलिंडर उभा ठेवून वरून वाफ काढायला बनवलाय, तो डिकीत आडवा टाकून त्यातून लिक्विड ओढणारे लोक आहेत. त्याला ८० टक्क्यांचं झाकण नाही, गाडी बंद पडली की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह नाही. त्या माणसाच्या गॅरेजसमोर गाडीपण लावू नका.

प्रश्न: स्टेपनीच्या खड्ड्यात बसणारी गोल टाकी घेतली की डिकी मोकळी राहते हे कळलं. मग स्टेपनी कुठे ठेवू? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: पुण्या-मुंबईत फिरताना घरी ठेवा आणि डिकीत पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर. पण तुम्ही रत्नागिरीचे, रात्री आंबा घाटात साइडवॉल कापली गेली तर त्या किटनं काही होणार नाही. लांब जाताना स्टेपनी डिकीत आडवी टाकून पट्ट्यानं बांधा, मोकळी नको, नाहीतर ब्रेक मारला की सीटच्या पाठीत येते. आणि गोल टाकी ६० लिटरची लिहिलेली असली तरी तिच्यात ४८ च जाणार, पंपावर भांडू नका.